जुनी आरएक्स १०० घेताय? आधी कागद, मग चेसिस, मग इंजिन, आणि रंग सगळ्यात शेवटी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेली पाल्हाळ कमी केली आहे, मुद्दे सगळे ठेवलेत.)

आज विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. धुळे, जळगाव, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, सगळीकडून एकच प्रश्न येतो: "भाऊ, जुनी आरएक्स घ्यायची आहे, काय बघू?"

परदेशात पोरं पहिल्या पगारात जुनी एमजी किंवा ट्रायम्फ शोधतात, छप्पर उघडणारी, दोन सीटची. आपल्याकडे ती जागा टू-स्ट्रोक मोटारसायकलनं घेतली आहे. आपल्याकडे 'गाडी' म्हटलं की आधी दुचाकीच डोळ्यासमोर येते, आणि जुनी पळणारी गाडी म्हटलं की यामाहा आरएक्स १००. म्हणून आजचा भाग तिच्यावर. राजदूत ३५०, येझदी रोडकिंग किंवा आरएक्स १३५ घेणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

पूर्ण भागाचं सार आधीच सांगतो. गाडी विकणारा तुम्हाला क्रमानं काय दाखवतो? आधी चकाचक रंग, मग क्रोम, मग एक किक मारून आवाज, आणि शेवटी "कागद आहेत ना, होऊन जाईल." तुम्ही नेमकं उलटं बघायचं. आधी कागद, मग चेसिस, मग इंजिन, शेवटी रंग. कारण रंग पुन्हा मारता येतो आणि इंजिन पुन्हा बांधता येतं. चेसिस नंबर खोटा निघाला तर मात्र पैसे गेले, गाडी गेली आणि वर पोलीस ठाण्याच्या चकरा.

हिचं एवढं वेड का?

आरएक्स १०० भारतात आली १९८५ च्या शेवटी, एस्कॉर्ट्स आणि यामाहाच्या भागीदारीतून. इंजिन फक्त ९८ सीसीचं, एक सिलिंडर, हवेनं थंड होणारं, टू-स्ट्रोक. ताकद ११ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम १०० किलोच्या आसपास. त्याच वर्षी आलेली हिरो होंडा सीडी १०० सुद्धा जवळपास तेवढ्याच सीसीची, पण फोर-स्ट्रोक, आणि तिची ताकद साधारण ७ हॉर्सपॉवर. आता कळलं ना, सिग्नलवर काय होत असेल ते?

१९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि आरएक्स १०० बंद पडली. म्हणजे आज बाजारात असलेली सगळ्यात 'नवी' आरएक्स १०० सुद्धा जवळपास ३० वर्षांची आहे. हा आकडा डोक्यात ठेवा. तीस वर्षांत गाडीनं पाच-सहा मालक, दहा मिस्तरी आणि कितीतरी प्रयोग पाहिलेले असतात.

पहिली पायरी: कागद

एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाका. जळगावची एमएच-१९, धुळ्याची एमएच-१८, नंदुरबारची एमएच-३९. गाडी १९८९ च्या आधीची असेल तर नंबर 'एमएच' नं सुरूच होणार नाही, तीन अक्षरांची जुनी मालिका असेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण अशा किंवा इतरही जुन्या गाड्यांची नोंद कधी कधी ऑनलाइन दिसत नाही, कारण ती आरटीओच्या जुन्या रजिस्टरमध्येच राहिलेली असते. मग आरटीओत जाऊन 'बॅकलॉग' नोंद करून घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय पुढचं काहीच ऑनलाइन होत नाही. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला सांगा: नोंद ऑनलाइन दिसू द्या, मग व्यवहार.

आता काय काय तपासायचं ते बघा.

एक, आरसीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ च्या बदलानुसार २० वर्षांवरच्या मोटारसायकलच्या नूतनीकरणाची फी २,००० रुपये आहे. पर्यावरण कर वेगळा. मुदत संपून गेली असेल तर मोटारसायकलला महिन्याला ३०० रुपये जादा आकारण्याची तरतूद २०२२ पासून नियमात आहे. चार वर्षं कोपऱ्यात पडून असलेली 'स्वस्त' गाडी हा हिशोब केल्यावर किती स्वस्त राहते ते कागदावर मांडा.

दोन, मालक कोण. विकणाऱ्याचं नाव आणि आरसीवरचं नाव एकच आहे का? बऱ्याच गाड्या आजोबांच्या नावावर असतात आणि आजोबा वारलेले असतात. तेव्हा फॉर्म ३१ भरून आधी ती वारसाच्या नावावर व्हायला हवी, मग तुमच्या. "सही मी करून देतो" असं कुणी म्हणालं तर उठून निघा.

तीन, बोजा. आरसीवर जुन्या फायनान्स कंपनीचं नाव असेल तर तिची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. १९९० च्या दशकातल्या काही फायनान्स कंपन्या आज अस्तित्वातच नाहीत. हे निस्तरायचं काम विक्रेत्याचं, तुमचं नाही.

चार, दुसऱ्या राज्यातली गाडी. आपण सीमेवरची माणसं. बऱ्हाणपूर, सेंधवा, सुरत इथून गाड्या सहज येतात. एमपी किंवा जीजे पासिंगची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

पाच, चोरीची तपासणी. एनसीआरबीच्या संकेतस्थळावर चेसिस आणि इंजिन नंबर टाकून गाडी चोरीच्या यादीत आहे का, हे बघता येतं.

व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवा. "स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलंय" यानं मालकी बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की अपघाताची भरपाई आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, गाडी मध्ये कितीही हातांतून गेली असली तरी. म्हणजे नाव बदलून घेण्यात विकणाऱ्याचंही हित आहे. हे त्याला समजावून सांगा, तो स्वतःच आरटीओत येईल.

'विंटेज आहे भाऊ' म्हणजे काय?

हा शब्द आजकाल फार स्वस्त झालाय. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार विंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आणि ती रोजच्या वापराला चालवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं असल्या कामांसाठी.

आता गणित करा. पहिली आरएक्स १०० १९८५ ची. तिला ५० वर्षं व्हायला २०३५ उजाडेल. तेव्हा आज कुणी "विंटेज आहे, कागदाची गरज नाही" म्हणत असेल तर तो एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय. आणि हो, १५ वर्षं झाली म्हणून महाराष्ट्रात गाडी आपोआप भंगारात जात नाही. दिल्लीच्या बातम्या वाचून घाबरू नका, तिथले नियम वेगळे आहेत.

दुसरी पायरी: चेसिस

चेसिस नंबर हँडलच्या खाली, चेसिसच्या मानेवर ठोकलेला असतो. इंजिन नंबर क्रँककेसवर. दोन्हीवर पातळ कागद ठेवून पेन्सिलनं घासा, छाप येईल. तो आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. आसपासचा भाग घासलेला, खोलगट किंवा नव्यानं जाड रंगवलेला दिसला, आकडे वाकडेतिकडे ठोकलेले दिसले, तर तिथेच थांबा. किंमत कितीही कमी सांगितली तरी.

इंजिन नंबर जुळत नाही, असं बऱ्याचदा निघतं. कारण १०० च्या चेसिसमध्ये १३५ चं इंजिन बसवणं हा जुना उद्योग आहे. गाडी पळते झकास, पण आरसीवर तो बदल नोंदलेला नसेल तर कायद्यानं तो अनधिकृत बदल ठरतो आणि अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. शिवाय १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना एचएसआरपी पाटी लावायची आहे. तिचं बुकिंग करताना चेसिस आणि इंजिन नंबर नोंदीशी जुळावे लागतात. तिथे ही लपवाछपवी उघडी पडतेच.

मग गाडी मधल्या स्टँडवर लावा. मागून, जमिनीशी बसून बघा: दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का? मानेजवळ आणि स्विंगआर्मच्या बोल्टजवळ वेल्डिंगचे डाग आहेत का? हँडल सोडून सरळ रस्त्यावर ढकलत न्या, एका बाजूला ओढते का? चेसिस वाकलेली गाडी रंगानं सरळ होत नाही.

तिसरी पायरी: इंजिन

बघायला जाण्याआधी सांगून ठेवा: "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. आजार थंड इंजिनात दिसतो, गरम इंजिनात लपतो.

किक मारताना पायाला चांगला विरोध जाणवला पाहिजे. किक लोण्यात गेल्यासारखी खाली गेली तर पिस्टन, रिंग किंवा सिलिंडर झिजलेलं आहे.

धूर बघा. टू-स्ट्रोक सुरुवातीला धूर देणारच, तेल जळतंय ना. पण गरम झाल्यावर तो कमी व्हायला हवा. पाच-दहा मिनिटांनंतरही पांढऱ्या धुराचा लोट येत असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलं असण्याची शक्यता आहे. मग इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. दुसऱ्या, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर धूर दिसत नाही, पण बाहेरची हवा आत ओढली जाते. ओळखायचं कसं? अ‍ॅक्सिलेटर सोडल्यावर आवाज पटकन खाली येत नाही, तसाच वर लटकून राहतो. हे जास्त धोक्याचं, कारण हवा जास्त झाली की मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून चिकटतो.

विक्रेत्याला विचारा: "कितवा बोअर आहे?" सिलिंडर झिजलं की लेथवाला ते थोडं मोठं करतो आणि मोठा पिस्टन बसवतो, सहसा पाव मिलीमीटरच्या टप्प्यानं. असं तीन-चार वेळा करता येतं, नंतर नवी स्लीव्ह किंवा नवं सिलिंडर. शेवटच्या बोअरवर असलेली गाडी म्हणजे पुढचा खर्च दारात उभा.

स्पार्क प्लगही काढून बघा. टोक चहासारखं तपकिरी असेल तर छान. पांढरं पडलेलं असेल तर इंजिन पातळ मिश्रणावर, तापून चालतंय. काळंकुट्ट ओलं असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त जातंय.

खानदेशात ही गाडी का चिकटते?

हा भाग नीट ऐका, कारण इथे खरा धोका आहे.

पिस्टन अ‍ॅल्युमिनिअमचा, सिलिंडरची आतली भिंत बिडाची. तापल्यावर अ‍ॅल्युमिनिअम बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. मध्ये तेलाचा पातळ थर असतो म्हणून गाडी चालते. तो थर तुटला की पिस्टन भिंतीला घासतो आणि अडकतो. यालाच आपण 'इंजिन जाम झालं' म्हणतो. ६०-७० च्या वेगात असं झालं तर मागचं चाक लॉक होतं. अशा वेळी ताबडतोब क्लच दाबायचा, एवढं हाताला शिकवून ठेवा. यानं हाडं वाचतात.

आता आपली परिस्थिती बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. इंजिन हवेनं थंड होणारं, आणि हवाच भट्टीतली. सुरत-नागपूर महामार्ग सरळ आणि सपाट, त्यामुळे अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळून अर्धा-अर्धा तास चालवायचा मोह होतो. ज्या गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, तिथे जेवढं पेट्रोल आत जातं तेवढंच तेल जातं. तुम्ही वेगात असताना एकदम अ‍ॅक्सिलेटर सोडला तर फेरे जास्त, तेल जवळपास शून्य.

घाट उतरताना नेमकं हेच होतं. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येताना अ‍ॅक्सिलेटर बंद ठेवून गिअरमध्ये लांबवर गाडी सोडू नका. अधूनमधून हलकासा अ‍ॅक्सिलेटर द्या, म्हणजे तेल आत जाईल. फोर-स्ट्रोकमध्ये इंजिन गाडीला रोखून धरतं, टू-स्ट्रोकमध्ये ते फारच कमी. त्यामुळे सगळा भार ब्रेकवर, आणि आरएक्स १०० चे दोन्ही ब्रेक ड्रमचे. सतत दाबून ठेवले की तापतात आणि पकड सोडतात. घाटात दाबा-सोडा, दाबा-सोडा, आणि पुढच्या ट्रकपासून अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवा. लळिंगच्या उतारावरही हेच.

तेल आणि पेट्रोल

गाडी घरी आली की पहिला प्रश्न: तेल वेगळ्या टाकीतून पंपानं जातं की पेट्रोलमध्ये मिसळायचं? टाकी दिसते म्हणून विश्वास ठेवू नका, पंप कुणीतरी काढून टाकलेला असू शकतो. मिस्तरीकडून खात्री करा. मिसळायचं असेल तर प्रमाण ठरवा आणि मापानं टाका. ४० ला १ म्हणजे लिटरला २५ मिली, २० ला १ म्हणजे लिटरला ५० मिली. पाच लिटर भरलं तर ४० ला १ नं १२५ मिली. अंदाजानं ओतायचं नाही. औषधाच्या बाटलीचं माप डिकीत ठेवा. आणि तेल टू-स्ट्रोकचंच, 'टू-टी' लिहिलेलं. फोर-स्ट्रोकचं तेल यात चालत नाही.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, ई२०. १९८५ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. दोन अडचणी येतात. एक, इथेनॉलनं जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग खराब होतात. हे दोन्ही घेतल्याबरोबर नवीन टाका, खर्च फार नाही. दोन, साध्या पेट्रोलच्या १ भागाला पूर्ण जळायला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं, इंजिन जास्त तापतं. जाणत्या मिस्तरीकडून प्लगचा रंग बघून मेन जेट एक नंबर मोठा टाकायचा का ते ठरवा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी खाली बसतं, टाकी आतून गंजते.

एअर फिल्टर काढून 'आवाज' वाढवायची पद्धत आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतरस्त्याची धूळ म्हणजे पिठासारखी. ती थेट सिलिंडरमध्ये गेली की पॉलिश पेपरचं काम करते. फिल्टर असलाच पाहिजे, आणि जागच्या जागी.

सायलेन्सरचंही तेच. कंपनीचा नसलेला, कर्कश सायलेन्सर लावला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सवर तीन महिन्यांची गदा येऊ शकते. शिवाय टू-स्ट्रोकचा सायलेन्सर इंजिनाला जुळवूनच बनवलेला असतो. भलताच लावला की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते.

तुमचे काही प्रश्न

"सजवलेली, तयार गाडी घेऊ की पडलेली घेऊन बांधू?" सजवलेल्या गाडीला लोक लाखाच्या वर सांगतात. पडलेली स्वस्त असते, पण कागद पूर्ण असतील तरच. पहिल्यांदा घेत असाल तर माझं मत: रंग उडालेली, पण रोज चालणारी, कागद सरळ असलेली गाडी घ्या. तिचे दोष डोळ्यांना दिसतात. नव्या रंगाखाली काय आहे ते दिसत नाही.

"बजेट किती धरू?" गाडीच्या किमतीएवढेच सगळे पैसे खर्च करू नका. निदान चौथा हिस्सा मागे ठेवा: टायर, ब्रेक शू, केबल, चेन-स्प्रॉकेट, सील, पाइप, आणि आरटीओ. थर्ड पार्टी विमा त्या मानानं हलका आहे, जून २०२२ च्या दरानुसार ७५ ते १५० सीसी गटाला वर्षाला ७१४ रुपये, वर कर.

"रोज कॉलेजला नेऊ का?" नेता येईल, पण एकमेव गाडी म्हणून नको. पहिले तीन महिने गावातल्या गावात, ३०-४० किलोमीटरच्या आत फिरवा. तिचा आवाज, वास, धूर ओळखीचा होऊ द्या. नवा पिस्टन टाकला असेल तर पहिले काही शे किलोमीटर पिळू नका. मगच तोरणमाळ किंवा अजिंठ्याचा बेत आखा, तोही पहाटे निघून.

"मिस्तरी कसा शोधू?" ज्याच्या दुकानात दोन-तीन टू-स्ट्रोक रोज उभ्या दिसतात तो. गाडी बघायला जाताना त्यालाच सोबत न्या आणि त्याच्या दिवसाची मजुरी द्या. फुकट आणलेला जाणकार बहुतेक वेळा विक्रेत्याचाच मित्र निघतो.

तर मंडळी, या वेळी एवढंच करा: जी गाडी बघायला जाणार आहात तिचा नंबर आज रात्री एमपरिवहनवर टाकून बघा. आरसी चालू आहे, नाव जुळतंय, बोजा नाही, एवढं दिसलं तरच शनिवारी चावी हातात घ्यायला जा. नाही दिसलं तर पेट्रोल वाचवा, दुसरी बघा. आरएक्स अजून पुष्कळ आहेत, घाई विकणाऱ्याला असते.

पुढच्या भागात कार्ब्युरेटर घरच्या घरी कसा साफ करायचा ते बघू. तुमच्या गाडीच्या प्लगचा फोटो पाठवून ठेवा, त्यावरूनच सुरुवात करू. हेल्मेट घाला, क्लचवर दोन बोटं ठेवा. भेटू!